शेडच्या उंबरठ्यावरची राखण: बर्ड फ्लू आणि महासाथ रोखण्यासाठी कुक्कुटपालकाने काय करावे

शेडमध्ये बर्ड फ्लू शिरला तर नुकसान त्या शेडच्या मालकाचे होते, एवढाच विचार बहुतेक जण करतात. ते नुकसान मोठे असतेच, कारण दोन-तीन दिवसांत भरलेली शेड रिकामी होते आणि वर्षभराचे कष्ट मातीमोल होतात. परंतु या रोगाची दुसरी बाजू त्याहून गंभीर आहे. हा विषाणू माणसाच्या शरीराशी जुळवून घेण्याची शक्यता जिथे निर्माण होते, त्या जागा म्हणजे प्रयोगशाळा किंवा मोठी रुग्णालये नव्हेत. आजारी पक्षी, त्यांची विष्ठा आणि त्यांना हाताळणारी माणसे जिथे रोज एकत्र येतात, त्या या जागा आहेत. म्हणून महासाथ रोखण्याचे काम शेडच्या दारापासून सुरू होते आणि ते कुक्कुटपालकाच्या हातात आहे. हे काम कसे करावे, हे पुढे सविस्तर सांगितले आहे.

विषाणूची चाल समजून घ्यावी

बर्ड फ्लू ज्या इन्फ्लुएन्झा ‘ए’ गटातील विषाणूंमुळे होतो, त्यांचे मूळ घर म्हणजे रानबदके, हंस आणि इतर पाणपक्षी. त्यांच्या आतड्यांत हा विषाणू राहतो, विष्ठेवाटे बाहेर पडतो आणि अनेकदा त्यांना स्वतःला फारसा त्रास होत नाही. तोच विषाणू कोंबड्यांच्या दाट वस्तीत आला की चित्र बदलते. एच५ आणि एच७ या प्रकारांचे सौम्य विषाणू कोंबड्यांमध्ये फिरता फिरता अतितीव्र रूप घेऊ शकतात. अमेरिकेतील पेनसिल्व्हेनियात १९८३ मध्ये नेमके हेच घडले. एप्रिलमध्ये सौम्य वाटणारा एच५एन२ विषाणू ऑक्टोबरमध्ये प्राणघातक झाला आणि साथ आटोक्यात आणण्यासाठी सुमारे १ कोटी ७० लाख पक्षी नष्ट करावे लागले. सौम्य रोगाकडे दुर्लक्ष करू नये, असे मी पुनःपुन्हा सांगतो ते या कारणाने.

आज जगभर पसरलेल्या एच५एन१ विषाणूचा पूर्वज १९९६ मध्ये चीनच्या ग्वांगडोंग प्रांतात हंसांमध्ये सापडला. पुढच्याच वर्षी हाँगकाँगमध्ये १८ माणसांना त्याची लागण झाली आणि त्यांपैकी ६ जण दगावले. त्या वर्षाच्या अखेरीस तेथील सुमारे १५ लाख कोंबड्या काही दिवसांत मारण्यात आल्या आणि माणसांमधील ती लागण थांबली. २००३ पासून जगभरात नऊशेहून अधिक लोकांना एच५एन१ झाल्याची नोंद आहे आणि त्यांपैकी जवळपास निम्मे मरण पावले. या लोकांपैकी बहुतेकांचा आजारी किंवा मेलेल्या पक्ष्यांशी थेट संबंध आला होता, कोणी ते हाताळले होते, कोणी कापले होते, तर कोणी त्यांची पिसे काढली होती.

पक्ष्यांचा विषाणू माणसांमध्ये सहजी का पसरत नाही, याचे एक कारण पेशींच्या रचनेत आहे. विषाणू पेशीवर ज्या ठिकाणी चिकटतो ती ठिकाणे पक्ष्यांमध्ये आणि माणसाच्या नाका-घशात वेगळी असतात. हा फरक विषाणू दोन मार्गांनी ओलांडू शकतो. एक मार्ग म्हणजे त्याच्या जनुकांत थोडेथोडे बदल होत जाणे. दुसरा मार्ग म्हणजे एकाच शरीरात पक्ष्यांचा आणि माणसांचा असे दोन विषाणू एका वेळी शिरून त्यांच्या जनुकांची अदलाबदल होणे. माणसांमधील फ्लूच्या १९५७ आणि १९६८ या दोन्ही महासाथींचे विषाणू अशा अदलाबदलीतून तयार झाले होते. डुकराच्या श्वसनमार्गात दोन्ही प्रकारच्या विषाणूंना जागा मिळते, त्यामुळे डुकरांचा प्रश्न वेगळा काढून पाहावा लागतो. मार्च २०२४ मध्ये अमेरिकेत दुभत्या गायींमध्येही एच५एन१ आढळला, तेव्हा हा विषाणू पक्ष्यांपुरता मर्यादित राहिलेला नाही हे उघड झाले. आपल्या शेडमधील प्रत्येक लागण म्हणजे विषाणूला मिळालेली आणखी एक संधी असते. ती संधी नाकारणे म्हणजेच प्रतिबंध.

दारातली बैठक

विषाणू उडत उडत शेडमध्ये आला, असे लोक म्हणतात. वाऱ्याबरोबर धुळीतून तो जवळच्या शेडमध्ये जाऊ शकतो हे खरे असले तरी बहुतेक वेळा त्याला माणूसच आत नेतो. बुटांच्या तळव्याला, गाडीच्या चाकाला, अंड्यांच्या ट्रेला आणि पिंजऱ्याच्या तळाला चिकटलेली विष्ठा हेच त्याचे वाहन असते. थंड आणि ओलसर जागी विष्ठेतील विषाणू कित्येक आठवडे जिवंत राहू शकतो. म्हणून सर्वांत आधी, आणि माझ्या मते सर्वांत जास्त लक्ष देऊन, करण्याचे काम म्हणजे बाहेरची जमीन आणि आतली जमीन यांच्यामध्ये एक स्पष्ट रेषा आखणे.

यासाठी महागडे साहित्य लागत नाही. शेडच्या दाराच्या आत, दाराच्या पूर्ण रुंदीचा, गुडघ्याएवढ्या उंचीचा एक लाकडी किंवा सिमेंटचा बाक आडवा बसवावा, अशा रीतीने की त्याला वळसा घालून कोणालाही जाता येऊ नये. बाकाच्या अलीकडे बाहेरची पादत्राणे राहतील आणि पलीकडे फक्त त्याच शेडसाठी राखलेले रबरी बूट आणि झगा राहील. आत जाणाऱ्याने बाकावर बसावे, बाहेरची चप्पल काढावी, पाय जमिनीला न टेकवता वळावे, हात साबणाने धुवावेत किंवा जंतुनाशकाने पुसावेत आणि मगच पलीकडचे बूट घालावेत. बाहेर येताना हीच कृती उलट क्रमाने करावी. यातली खरी कसोटी त्या वळण्याच्या क्षणी असते. घाई झाली की मोजा घातलेला पाय नकळत अलीकडच्या फरशीला टेकतो आणि तोच पाय पुढे आतल्या बुटात जातो. नवीन कामगाराला शिकवताना त्याच्याकडून ही कृती आठ-दहा वेळा करून घ्यावी आणि पाय टेकला तर मोजा बदलायला लावावा. बाकाच्या दोन्ही बाजूंच्या फरशीला दोन वेगळे रंग दिले तर चूक लगेच डोळ्यांत भरते. शेड एकाहून अधिक असतील तर प्रत्येक शेडला स्वतंत्र बाक आणि स्वतंत्र बूट हवेत, आणि बुटांचा रंगही वेगळा ठेवावा.

अनेक ठिकाणी दाराशी जंतुनाशकाची पाण्याची टाकी ठेवलेली असते आणि तिच्यात बूट बुडवले की काम झाले असे मानले जाते. हा समज घातक आहे. विष्ठा आणि माती यांच्या थराखाली जंतुनाशक पोहोचत नाही, आणि त्या घाणीमुळे टाकीतले द्रावणही लवकर निकामी होते. बूट आधी ब्रशने आणि पाण्याने स्वच्छ घासावेत, नंतरच द्रावणात बुडवावेत. द्रावण रोज बदलावे, आणि ते दिसायला गढूळ झाले असेल तर दिवस संपण्याची वाट पाहू नये. घासण्याची सोय नसेल, तर मी त्या टाकीपेक्षा बूट बदलण्यावरच भर देईन.

येणाऱ्या-जाणाऱ्यांची नोंदवही दारात असावी आणि तिच्यात नाव, वेळ आणि त्याआधी त्या व्यक्तीने दुसरी कोणती पोल्ट्री पाहिली होती, हे तिन्ही लिहून घ्यावे. लस टोचणारे, कोंबड्या पकडणारे, पिसारा किंवा चोच कापणारे कामगार एका शेडवरून दुसऱ्या शेडवर जात असतात आणि त्यांच्यामुळे रोग पसरण्याची शक्यता सर्वांत अधिक असते. त्यांना आपल्याकडचे कपडे आणि बूट द्यावेत. ते राग मानतील, ही भीती बाळगू नये. आपल्याकडे काम करणाऱ्या माणसाने घरी कोंबड्या, बदके किंवा लढाऊ कोंबडे पाळू नयेत, ही अट कामावर घेतानाच सांगावी आणि तिची भरपाई पगारात धरावी, कारण परसातल्या चार कोंबड्या हा त्या घराचा आधारही असू शकतो.

पाणी, खाद्य आणि रानपक्षी

रानपक्ष्यांची विष्ठा ज्या पाण्यात पडते ते पाणी कोंबड्यांना देऊ नये. तळे, ओढा किंवा उघडी टाकी यांचे पाणी वापरणे अपरिहार्य असेल तर ते गाळून, त्यात क्लोरीन मिसळून मगच द्यावे. शेवटच्या निपलपाशी, म्हणजे कोंबड्या पाणी पितात त्या नळीच्या शेवटच्या तोटीपाशी, मोकळ्या क्लोरीनचे प्रमाण २ ते ३ पीपीएम (दहा लाख भागांत २ ते ३ भाग) असावे. टाकीत भरपूर पावडर टाकली म्हणून शेवटच्या निपलपर्यंत ती पोहोचली असे होत नाही, कारण नळीच्या आत साचलेला बुळबुळीत थर क्लोरीन खाऊन टाकतो. तपासणीच्या पट्ट्यांनी आठवड्यातून एकदा तरी शेवटच्या टोकाचे पाणी तपासावे आणि पक्ष्यांच्या दोन बॅचच्या मधल्या काळात नळ्या आतून धुवाव्यात. तोंडावाटे द्यायची लस पाण्यातून देताना क्लोरीन बंद ठेवावे लागते, याची आठवण ठेवून ते पुन्हा सुरू करायला विसरू नये.

शेडच्या बाजूंना २.५ सेंटीमीटर किंवा त्याहून बारीक छिद्रांची जाळी हवी आणि ती छपराच्या कडेपर्यंत पोहोचलेली हवी. चिमण्या बहुतेकदा भिंत आणि पत्रा यांच्या मधल्या फटीतून शिरतात आणि खाली पाहणाऱ्या माणसाच्या ते लक्षात येत नाही. दिवसा शेडमध्ये उभे राहून वर पाहावे आणि जिथून उजेडाची तिरीप दिसते ती फट बुजवावी. सांडलेले खाद्य त्याच दिवशी झाडून काढावे, कारण पक्षी आणि उंदीर दोघेही त्यालाच येतात. खाद्याची पोती बंद खोलीत, जमिनीपासून उंच ठेवावीत. लिटरसाठी, म्हणजे शेडच्या जमिनीवर अंथरण्यासाठी, आणलेले तूस किंवा भुसाही झाकूनच ठेवावा. उघड्यावर पडलेल्या तुसाच्या ढिगावर पक्षी बसतात आणि तेच तूस आपण स्वतःच्या हाताने शेडभर पसरतो, हे फार थोड्या जणांच्या ध्यानात येते. शेडभोवतीची निदान काही मीटर जागा गवत, झुडपे आणि साचलेले पाणी यांपासून मोकळी ठेवावी.

बदके आणि कोंबड्या एकत्र पाळू नयेत. बदक निरोगी दिसत असतानाही विषाणू बाहेर टाकू शकते, त्यामुळे शेजारच्या कोंबड्या मरू लागेपर्यंत काहीच कळत नाही. डुकरांना कोंबड्यांच्या आसपास ठेवू नये आणि मेलेल्या कोंबड्या त्यांना कधीही खाऊ घालू नयेत. परसात मोकळ्या फिरणाऱ्या कोंबड्यांना पाणपक्ष्यांच्या स्थलांतराच्या काळात छपराखाली, जाळीच्या आत ठेवावे आणि त्यांचे खाणे-पिणेही आतच द्यावे.

गाड्या, ट्रे आणि बाजार

खाद्याची, पिल्लांची आणि माल उचलणारी गाडी शेडच्या दारापर्यंत येऊ देऊ नये. आवाराच्या कडेला माल उतरवण्याची जागा ठरवावी आणि तिथून पुढे आपल्या हातगाडीने माल न्यावा. गाडी आत येणे टाळता येत नसेल तर चाके आणि चाकांवरचे मडगार्ड आधी पाण्याच्या जोरदार धारेने धुवावेत, नंतर जंतुनाशक फवारावे, आणि चालकाला खाली उतरू देऊ नये.

अंड्यांच्या ट्रेकडे मी नेहमी जास्त वेळ पाहतो. परत आलेला पुठ्ठ्याचा ट्रे उलटा करून खोलगट भागात पाहिले तर वाळलेल्या विष्ठेचे करडे-हिरवे ठिपके आणि एखादे चिकटलेले पीस बहुधा सापडते. तो ट्रे कोणत्या शेडमधून, कोणत्या बाजारातून फिरून आला आहे हे कोणीही सांगू शकत नाही, आणि पुठ्ठा धुता येत नाही. पुठ्ठ्याचे ट्रे एकदाच वापरावेत आणि परत घेऊ नयेत. प्लास्टिकचे ट्रे साबणाच्या पाण्यात भिजवून, घासून, जंतुनाशकात बुडवून, वाळवून मगच आत घ्यावेत आणि धुण्याची जागा शेडपासून दूर असावी.

बाजारात नेलेला आणि न विकला गेलेला पक्षी परत आणू नये. ही एक चूक सगळी काळजी वाया घालवते. जिवंत पक्ष्यांचे बाजार हे विषाणूंच्या अदलाबदलीचे सर्वांत मोठे ठिकाण आहे. चीनमध्ये २०१३ पासून माणसांना झालेला एच७एन९ कोंबड्यांमध्ये जवळजवळ लक्षणांशिवाय फिरत होता आणि पंधराशेहून अधिक माणसे त्याने आजारी पडली. बाजार बंद केले की त्या शहरांतील रुग्णसंख्या झपाट्याने घटत असे. हाँगकाँगने बाजारांसाठी ठरावीक दिवशी सगळे पक्षी काढून स्वच्छता करण्याचे ‘विश्रांतीचे दिवस’ लागू केले आणि २००८ पासून जिवंत कोंबड्या रात्रभर बाजारात ठेवण्यास मनाई केली. बाजारात गाळा असलेल्यांनी हे दोन नियम कायदा नसला तरी पाळावेत. रिकामे पिंजरे, धुतलेली जमीन आणि पक्ष्यांशिवायची एक रात्र एवढ्यानेही विषाणूची साखळी तुटू शकते.

एका वेळी भरणे, एका वेळी रिकामे करणे

वेगवेगळ्या वयांचे पक्षी एका आवारात असले की जुन्या बॅचचा रोग नव्या बॅचकडे जातो आणि शेड कधीच खऱ्या अर्थाने स्वच्छ होत नाही. शक्य असेल तिथे सगळे पक्षी एका वेळी आणावेत आणि एका वेळीच काढावेत. शेड रिकामी झाल्यावर लिटर, विष्ठा आणि धूळ कोरड्यानेच खरवडून काढावी, मग साबणाच्या पाण्याने धुवावे, शेड पूर्ण वाळू द्यावी आणि त्यानंतर जंतुनाशक फवारावे. या विषाणूभोवती चरबीचे आवरण असते, त्यामुळे साधा साबण, सोडियम हायपोक्लोराइट आणि आयोडीनयुक्त जंतुनाशके यांनी तो मरतो, मात्र समोर घाण नसेल तरच. फवारणीनंतर वेष्टनावर सांगितलेला वेळ पृष्ठभाग ओला राहिला पाहिजे. शेवटी निदान दोन आठवडे शेड रिकामी ठेवावी. पैशाची ओढ असताना दोन आठवडे थांबणे कठीण असते हे मला माहीत आहे, तरीही या एका बाबतीत तडजोड करू नये असे माझे स्पष्ट मत आहे.

नोंदवही बोलते ते ऐकावे

पक्षी मरण्याच्या आधी ते पाणी आणि खाद्य कमी करतात. ज्याच्याकडे रोजची नोंद आहे त्याला हा इशारा एक-दोन दिवस आधी मिळू शकतो. अंड्यांवरच्या ५,००० कोंबड्या साधारण हवामानात दिवसाला १,००० ते १,२५० लिटर पाणी पितात. टाकीला साधे मीटर बसवून रोज ठरलेल्या वेळी आकडा लिहावा. समजा आठवडाभर १,१२०, १,१००, १,१३० असे आकडे येत आहेत आणि एके दिवशी ९८०, दुसऱ्या दिवशी ८६० लिहावे लागले. हवामान तेच आहे, नळी कुठे तुंबलेली नाही, तरी आकडा उतरतो आहे. अशा वेळी शेडमध्ये मरतूक दिसत नसली तरी पशुवैद्यकाला फोन करावा.

युरोपीय संघाने २००५ मध्ये पालकांसाठी काही ठळक मर्यादा ठरवल्या होत्या आणि त्या कुठेही उपयोगी पडतात. पाणी आणि खाद्य यांत २० टक्क्यांहून अधिक घट, अंड्यांच्या उत्पादनात दोन दिवसांहून अधिक काळ ५ टक्क्यांपेक्षा जास्त घट, किंवा एका आठवड्यात ३ टक्क्यांपेक्षा जास्त मरतूक, यांपैकी काहीही झाले तर कळवणे आवश्यक मानले गेले. हे आकडे नोंदवहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावेत.

अतितीव्र बर्ड फ्लूमध्ये काही पक्षी कोणतेही लक्षण न दाखवता एकाएकी मरून पडलेले आढळतात. इतरांचे डोके आणि चेहरा सुजतो, तुरा निळा-जांभळा पडतो, पायांच्या पिसे नसलेल्या भागावर रक्ताचे लालसर डाग उमटतात, हिरवट पातळ हगवण लागते, कवच नसलेली किंवा मऊ कवचाची अंडी पडतात, मान वाकडी होते आणि शेडमध्ये नेहमीच्या कलकलाटाऐवजी शांतता पसरते. ही लक्षणे राणीखेत म्हणजेच मानमोडीशी इतकी जुळतात की डोळ्यांनी पाहून निदान करता येत नाही, आणि अनुभवी माणूसही फसतो. ‘मानमोडीच असेल’ असे स्वतःच ठरवून दोन दिवस घालवणे ही सर्वांत जास्त वेळा होणारी आणि सर्वांत महाग पडणारी चूक आहे. निदान प्रयोगशाळेतच होते.

संशय येताच

पहिल्या तासात करायच्या गोष्टी थोड्या आहेत, पण त्यांचा क्रम महत्त्वाचा आहे. आवाराचे फाटक बंद करावे आणि पक्षी, अंडी, खाद्य, खत, ट्रे, गाड्या यांपैकी काहीही बाहेर जाऊ देऊ नये. सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्याला किंवा पशुसंवर्धन विभागाला लगेच कळवावे. मेलेला पक्षी फाडून पाहू नये, नमुना स्वतः घेऊन कुठेही जाऊ नये आणि पुढील सूचना मिळेपर्यंत मेलेले पक्षी शेडमध्येच झाकून ठेवावेत, म्हणजे कुत्री आणि कावळे ते ओढून नेणार नाहीत. शेडमध्ये काम करणाऱ्यांनी दुसऱ्या शेडवर जाऊ नये. त्या आठवड्यात कोण आले आणि माल कुठे गेला, याची यादी नोंदवहीतून काढून तयार ठेवावी.

घबराटीत पालक नेमके याच्या उलट करतात आणि उरलेले चांगले दिसणारे पक्षी घाईने विकून टाकतात. त्यामागची भीती मला समजते, कारण कर्जाचा हप्ता आजाराची वाट पाहत नाही. परंतु त्या गाडीतून विषाणू दहा ठिकाणी जातो आणि खाटिकखान्यात पक्षी कापणाऱ्या, पिसे काढणाऱ्या माणसांच्या नाका-तोंडापर्यंत पोहोचतो. शिवाय व्यवहाराच्या दृष्टीनेही ते तोट्याचे आहे. अनेक देशांत नुकसानभरपाई ही पक्षी नष्ट करण्याच्या सरकारी मोहिमेच्या वेळी जिवंत असलेल्या आणि सरकारने मारलेल्या पक्ष्यांचीच मिळते. आधी मेलेल्या पक्ष्यांची बहुधा मिळत नाही. म्हणजे जो पहिल्या दिवशी कळवतो त्याची भरपाई जास्त आणि जो लपवतो त्याची कमी. आपल्या भागातील भरपाईचा नियम साथ नसतानाच विचारून घ्यावा आणि पक्ष्यांच्या खरेदीची कागदपत्रे एका ठिकाणी ठेवावीत.

स्वतःचे आणि कामगारांचे रक्षण

आजारी किंवा मेलेले पक्षी हाताळताना एन९५ प्रकारचा मास्क, डोळ्यांना घट्ट बसणारा चष्मा, हातमोजे, अंगभर झगा आणि रबरी बूट वापरावेत. डोळे झाकण्याकडे विशेष लक्ष द्यावे. नेदरलँड्समध्ये २००३ च्या एच७एन७ साथीत सुमारे ३ कोटी पक्षी नष्ट झाले आणि ८९ लोकांना लागण झाली. त्यांपैकी बहुतेकांचे डोळे आले होते आणि एका पशुवैद्यकाचा मृत्यू झाला. साहित्य काढताना आधी हातमोजे आणि झगा, मग हात धुऊन चष्मा आणि सर्वांत शेवटी मास्क काढावा, आणि पुन्हा हात धुवावेत. मास्क आधी काढून कपाळाचा घाम पुसणारा माणूस दिवसभराची काळजी एका क्षणात वाया घालवतो. लहान मुलांना शेडमध्ये किंवा मेलेल्या पक्ष्यांजवळ कधीही येऊ देऊ नये.

बाधित पक्ष्यांशी संबंध आल्यानंतर दहा दिवस ताप, खोकला, घसा दुखणे, डोळे लाल होणे याकडे लक्ष ठेवावे. काही जाणवले तर घरातील इतरांपासून वेगळे राहून डॉक्टरांकडे जावे आणि ‘मी पोल्ट्रीत काम करतो’ हे पहिल्याच वाक्यात सांगावे, कारण ते सांगितले नाही तर साध्या तापाचे उपचार होतात आणि ऑसेल्टामिव्हिरसारखे विषाणूविरोधी औषध लवकर सुरू करण्याची वेळ निघून जाते. कामगारांना दरवर्षी माणसांच्या फ्लूची लस द्यावी. ती बर्ड फ्लूपासून संरक्षण देत नाही, परंतु एकाच शरीरात दोन विषाणू एकत्र येण्याची शक्यता ती कमी करते. ज्याला स्वतःला सर्दी-ताप आहे त्याने त्या काळात शेडमध्ये जाऊ नये आणि त्याची त्या दिवसांची मजुरी कापू नये, नाहीतर कोणीही आजार सांगणार नाही.

नीट शिजवलेले मांस आणि अंडी यांपासून धोका नाही, कारण आतपर्यंत ७० अंश सेल्सिअस तापमान पोहोचले की विषाणू नष्ट होतो. धोका कच्चे मांस हाताळण्यात आहे. आजाराने मेलेली कोंबडी मात्र शिजवूनही खाऊ नये, कारण ती कापताना आणि साफ करतानाच लागण होते.

लस आणि औषधे

कोंबड्यांसाठी बर्ड फ्लूच्या लसी आहेत आणि काही देश त्या वापरतात. फ्रान्सने ऑक्टोबर २०२३ पासून बदकांना लस देणे सुरू केले. लसीमुळे आजार आणि विषाणूचे उत्सर्जन घटते, पण लागण पूर्ण थांबेलच असे नाही. लस दिलेला पक्षी आजारी न दिसता विषाणू पसरवू शकतो, म्हणून लसीबरोबर नियमित तपासणीची व्यवस्था असावी लागते. जिथे शासनाने परवानगी दिलेली नाही तिथे चोरून आणलेली लस वापरू नये. माणसांची विषाणूविरोधी औषधे पक्ष्यांना देणे तर पूर्णपणे टाळावे. अमॅन्टाडीन हे औषध एच५एन१ च्या अनेक प्रकारांवर निकामी झाले आहे आणि पक्ष्यांवर झालेला त्याचा वापर हे त्यामागचे एक कारण मानले जाते. प्रतिजैविकांचा विषाणूवर परिणाम होत नाही.

साथीनंतर पुन्हा सुरुवात

शेड बाधित झाल्यानंतर पक्षी, अंडी, खाद्य आणि लिटर यांची विल्हेवाट अधिकाऱ्यांच्या देखरेखीखाली होते. खड्डा विहिरीपासून आणि ओढ्यापासून दूर असल्याची खात्री मालकाने स्वतः करावी. लिटरचा ढीग झाकून ठेवून आतून तापू दिला तर उष्णतेने विषाणू मरतो; तोपर्यंत ते खत शेतात टाकू नये. साफसफाई आणि रिकामा काळ पूर्ण होऊन लेखी परवानगी मिळाल्यावर एकदम पूर्ण बॅच आणण्याऐवजी आधी थोडेसे पक्षी आणून शेडच्या सगळ्या कोपऱ्यांत सोडावेत आणि तीन आठवडे त्यांच्यावर लक्ष ठेवावे. ते निरोगी राहिले आणि तपासणी स्वच्छ आली तरच उरलेली पिल्ले मागवावीत. त्या थोड्या पक्ष्यांच्या पहिल्या दिवसापासून पाण्याचा आकडा नव्या नोंदवहीत लिहायला सुरुवात करावी, आणि बाकाच्या दोन्ही बाजूंच्या फरशीचा रंग उडाला असेल तर पिल्ले येण्याआधी तो पुन्हा द्यावा.